दहा हत्ती गावाला गेले त्याची गोष्ट

बाबा, आज कपाट आवरताना वरच्या फळीवर तुमचा हत्ती हाताला लागला आणि इतक्या वर्षांनी तुमच्याशी भांडायची हुक्की आली. तुम्हाला आता उलट बोलता येत नाही, तेव्हा निवांत भांडून घेते.

सुरुवात पेणच्या कारखान्यापासून. मी अठरा वर्षांची, गणपतींच्या रांगेत बसून पितांबराला पिवळा रंग भरतेय. डोळ्यांची आखणी मात्र फक्त तुमच्या हातची. एकदा तुम्ही जेवायला गेलात तेवढ्यात मी एका मूर्तीचे डोळे आखून टाकले. तुम्ही आलात, तिच्यासमोर उकिडवे बसलात आणि म्हणालात, "काय गो, हा देव भक्ताकडं बघतोय का शेजारणीकडं?" सगळा कारखाना हसला. ओल्या फडक्याने तुम्ही ते डोळे पुसलेत. "तू रंग भर. डोळ्यांच्या वाटेला जाऊ नको." मला डोळेच काढायचे होते, बाबा, दुसरं काहीच नको होतं. पुढे लग्न होऊन निडीला आले, देवळाच्या सभामंडपात बालवाडी शिकवायला लागले, आणि ब्रशला म्हणून हात लावला नाही.

मग नव्वद सालानंतर कधीतरी ते पुस्तक आलं. नागोठण्याला कंपनीच्या कॉलनीत राहणाऱ्या एका बाईंचा भाऊ नैरोबीला होता. त्याने पाठवलेलं मुलांचं पुस्तक त्यांनी आमच्या बालवाडीला दिलं. पानोपानी आफ्रिकेतली जनावरं आणि स्वाहिली आकडे. एक सिंह, दोन जिराफ, असं चढत चढत शेवटी दहा हत्ती. बाईंनी उच्चार शिकवले आणि आठवडाभरात आमची पोरं मोजा, म्बिली, टाटू करत गावभर हिंडायला लागली. पुस्तक एक आणि पोरं तीस, त्यामुळे पानं ओढाताणीत फाटायला आली. म्हणून मी नाक मुठीत धरून पेणला आले आणि ही जनावरं मातीची करून द्याल का, असं तुम्हाला विचारलं.

तुम्ही चष्मा नाकावर ओढून पुस्तक उलटसुलट करून बघताय. "गेंडा म्होरनं ठीक हाय. मागनं कसा असतो?"

"पुस्तकात मागची बाजू नाहीये, बाबा."

"मग ह्यो कसला चितारी? पाठ नको का जनावराला?"

दोन महिन्यांनी तुम्ही एसटीने निडीला आलात. पेंढ्यातून सोंड बाहेर आलेली बघून कंडक्टरने टोपलीला नमस्कार केला, तिला सीट दिली आणि तुम्हाला पेणपासून उभं आणलं. पंचावन्न जनावरं तुम्ही एकेक करून सतरंजीवर मांडलीत. मी बघतच राहिले. सगळ्यांना गणपतीचे डोळे! सिंह भक्तांवर माया करतोय. पाणघोडा नुसता बघूनच म्हणतोय, माग काय हवं ते. आणि दहाही हत्तींचा एकेक दात मोडलेला.

"बाबा, चित्रात दोन्ही दात आहेत."

"दिसतंय मला. पन हात तिथंच थांबतो, त्याला मी काय करू?"

पोरांनी मात्र यातून आपला अर्थ काढला. भाद्रपदात गौरी-गणपती गेले, सुट्टी संपली, मी बालवाडी उघडली, तर हत्ती नाहीत. "बाई, डोळे उघडलेले व्हते," पोरं समजुतीच्या सुरात सांगायला लागली. "देवाला जास्त दिवस ठेवत नायत. आम्ही पोचवून आलो." मोठ्या भावंडांना घेऊन, पत्र्याचा डबा वाजवत त्यांनी दहाही हत्ती ओढ्यात सोडले होते. शाडूची माती तुमची अस्सल, तिचा मागमूस राहिला नव्हता.

त्याच आठवड्यात तपासणीच्या मॅडम आल्या. पोरांनी जनावरं दाखवत खणखणीत आवाजात नवापर्यंत आकडे म्हटले आणि गप्प बसली. मॅडमनी विचारलं, "आणि दहा?" एका मुलीने हात जोडले. "दहा गावाला गेले." मॅडमनी वहीत काय लिहिलं देव जाणे, पण पदर तोंडाला लावून त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या.

मी तणतणत पेणला आले. "जनावरांना देवाचे डोळे कशाला काढलेत?" तुम्ही सगळी हकिकत ऐकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. मग फडक्याला हात पुसत हळूच म्हणालात, "मला दुसरे येत नायत गो." तुम्हाला काही येत नाही हे तुमच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आठवड्याने तुम्ही पुन्हा टोपली घेऊन दारात. दहा हत्ती, दात मोडलेलेच, पण डोळ्यांची जागा कोरी. वर कागदात गुंडाळलेला तुमचा सगळ्यात बारीक ब्रश. "माझ्या हातनं देवच होतात. तू जनावराचे काढ." मी खडू शोधायच्या निमित्ताने भिंतीकडे तोंड केलं. रडत होते, बाबा, तुम्हाला कळलंच असेल.

दिवाळीत तुम्ही विचारलंत, "झाले का धा?" मी म्हटलं, "झाले." "तिरळा कोन झाला का?" "छे."

दोन्ही खोटं होतं. नऊच झाले, त्यातले तीन तिरळे, आणि एक तर सरळ शेजारणीकडे बघायचा. पोरांनी ते नऊ खेळून खेळून कधीच संपवले, ओढ्यावर पोचवावंसं मात्र एकालाही वाटलं नाही. तुम्ही गेलात त्यानंतर दहाव्यासाठी मी पुष्कळदा ब्रश हातात घेतला. आजही घेतला होता. पण डोळे उघडले की पोचवायची वेळ येते, हे त्या पोरांनी माझ्या डोक्यात पक्कं बसवलंय. म्हणून ब्रश धुऊन ठेवला, आणि हत्ती आहे तसाच, आंधळा, परत फळीवर ठेवला.