हँडल सगुणाबाईकडे

विंझर,
मार्गशीर्ष, १९४३

प्रिय अच्युत,

तुला आठवतं का, तू लहान होतास तेव्हा दुपारी सगुणाबाई गिरणीतून आपल्या मागच्या दारी भाकरी खायला यायची, इंजिन फिरवून सुरू करायचं ते हँडल काखोटीला मारून? हलरवर भात सडून अंगभर कोंडा, आणि तान्हं मूल घ्यावं तसं ते लोखंड मांडीवर घेऊन बसायची. तू ते मागायचास. ती म्हणायची, "न्हाई मिळायचं, धाकलं मालक. हलरची साफसफाई व्हायचीय आजून. माजा हात आतच हाय म्हनून समजा." तिचे दोन्ही हात भाकरीवर पाहून तू चक्रावून जायचास. नाना ओट्यावर सुपारी कातरत बसायचे. भाताच्या गाड्या घेऊन आलेले लोक चेष्टा करायचे, "नानासायेब, गिरनी तुमची का तिची?" नाना म्हणायचे, "तिनं हँडल परत देईपर्यंत तिची."

इकडे सगळं ठीक आहे. जावईबापू सकाळीच वेल्ह्याच्या कचेरीत जातात. कुमुदची गाय व्याली, घरात खरवसाचा वास आहे. मी मात्र या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. पोथी उघडते आणि मिटते. कुठे बैलगाडीचं चाक कुरकुरलं तरी अंगणात जाऊन उभी राहते. कुमुद चिडवते, "आई, तू लेकीकडे राहायला आलीस की घरातून पळून आलीस?" ट्रंक उचलताना तर तिची कंबर धरली. "जातं भरून आणलंस की काय गं?" म्हणाली. मी हसून वेळ मारून नेली.

काल मन रमावं म्हणून तिच्या शिवणयंत्रावर बसले आणि कॉन्व्हेंटातल्या आमच्या मदर आठवल्या. सुईत दोरा ओवायचा झाला की त्या आम्हा मुलींना पाय पायट्यावरून काढून जमिनीवर ठेवायला लावत, आणि स्वतः वाकून खाली बघत. पाय जमिनीवर दिसले की मगच म्हणत, "आता बोट ने सुईकडे." आम्ही मागे त्यांची नक्कल करून पोट धरधरून हसायचो. लग्न होऊन भोरला आले, आणि नानांची हँडलची शिस्त पाहिली, तेव्हा मला हसू आलं नाही. कुणीतरी ओळखीचं भेटावं तसं झालं.

नानांनी ती शिस्त का लावली, हे वडील असूनही त्यांनी तुला शेवटपर्यंत सांगितलं नसेल. मला एकदाच सांगितलं. मुंबईच्या गिरणीत ते नोकरीला होते तेव्हा सावळाराम नावाचा त्यांचा सोबती यंत्र साफ करायला आत शिरला होता. पाळी बदलली. नव्या पाळीच्या माणसाला यंत्र नुसतं बंद दिसलं, आतला माणूस दिसला नाही. त्यानं ते सुरू केलं. त्याचा तरी काय दोष? नानांनी महिनाभरात नोकरी सोडली, आणि पुढे आपली भाताची गिरणी घातली ती याच अटीवर. हलर तुंबला की आधी इंजिन बंद, मग इंजिनावरून हलरला फिरवणारा पट्टा उतरवायचा, आणि ज्याचा हात आत जाणार त्याच्याच ताब्यात हँडल द्यायचं. मग बाहेर कुणी कितीही घाईचा असो, त्याला इंजिन सुरूच करता येणार नाही.

तुझी ओढाताण मला दिसते, बाळा. लढाईमुळे तेल परवान्यावर मिळतं. यंदाचं भात ओलं, हलर सारखा तुंबतो. गाड्यांची रांग लागलेली, लोक ओरडतात. दर वेळी इंजिन बंद करून पुन्हा फिरवायचं म्हणजे वेळ जातो, तेल जातं. म्हणून तू हलरच्या चाकाशेजारी ते नुसतंच फिरणारं सुटं चाक बसवून घेतलंस. काठीनं पट्टा त्याच्यावर सारला की इंजिन धडधडत राहतं आणि हलर तेवढा थांबतो. युक्ती चांगली आहे. पण तो पट्टा उतरवलेला नसतो रे, नुसता बाजूला सारलेला असतो.

त्या दिवशी तो आपसूक सरकत परत हलरच्या चाकावर आला. सगुणाबाईचा हात हलरच्या तोंडात होता. घाम डोळ्यांत गेला म्हणून तिनं हात मागे ओढला, तेवढ्यात हलर फिरला. हात सुटला, हिरव्या बांगड्या आत गेल्या. मनगट दुसऱ्या हातानं दाबून ती म्हणाली, "हाय. हात हाय जागेवर." आणि तू म्हणालास, "बांगड्याच फुटल्या ना? नव्या भरून देतो." सगळे हसले. तीसुद्धा हसली. नंतर त्या खेपेचे तांदूळ मी परातीत घेऊन निवडत बसले. हिरवी काच वेचत होते, संपतच नव्हती. तुझ्याशी बोलले तेव्हा तू म्हणालास, "आई, एवढा हंगाम जाऊ दे, मग बघू." दुसऱ्या दिवशी तू पुन्हा काठीनं पट्टा सारलास, आणि तिनं पुन्हा हात घातला. नवरा अंथरुणाला खिळलेला, तिला नाही म्हणणं परवडणार आहे का?

तू एव्हाना गिरणी पालथी घातली असशील. नोकरांवर ओरडू नकोस. हँडल मी नेलं. ट्रंकेत नानांच्या धोतरात गुंडाळून ठेवलं होतं. कुंडलिक लोहाराकडून तू दुसरं घडवून घेऊ शकतोस, तुझा हात मी धरणार नाही. घडवू नयेस म्हणून हे लिहिते आहे. उद्या इथला गेनबा भाताची गाडी घेऊन तुझ्याकडे निघणार आहे, त्याच्याजवळ पत्र आणि खरवस देते. खरवस सूनबाईला दे. कासाराला घरी बोलावून सगुणाबाईला बांगड्या भरव, आणि ती भरत असताना तू समोर बस. सुटं चाक काढून कुंडलिकला देऊन टाक, तो त्याचे विळे करील. स्वयंपाकघरातल्या परातीतले तांदूळ कुणाला देऊ नकोस, कोंबड्यांनाही नको. मी आले की पुन्हा एकदा निवडीन. आणि हँडल गेनबाकडेच पाठवते आहे, पण ते सगुणाबाईच्या हातात द्यायचं असं त्याला बजावलं आहे. तुला मिळेल ते तिच्याकडून, तिचा हात बाहेर आल्यावर.

तुझीच,
आई