ओवेनच्या जागी

धाकटे ड्रुसिला, थोरल्या बहिणीचा आशीर्वाद घे.

मागच्या पत्राखाली नाव घालायला विसरलीस. शेजारची म्युरिएल मला वाचून दाखवत होती. शिव्या ऐकून मी ओळखलं, ही आमचीच. हे पत्रही म्युरिएलच लिहून देतेय.

माझी तब्येत ठणठणीत आहे. जॅनीनही बरी आहे. बर्फावरच्या जोडीनृत्यात देशात पहिली आलेली माझी नात आता इथल्या बर्फाच्या रिंकवर शिकवते, हे तू गावभर सांगतेसच. शिकणारी जोडी मात्र एकच उरली होती, तीही मोडली. मॉन्ट्रियलच्या एका मोठ्या क्लबाने त्यातल्या ओवेनला नेलं, दुसरी जोडीदारीण दिली. इथे मुली ढीगभर आणि मुलगे सगळे हॉकीला. दुसरा कुठून मिळणार?

मागे राहिलेली ब्रिन तरीही रोज येते. जॅनीन ओवेनच्या जागी उभी राहून तिला नाचवते, आणि ऑपरेशन झालेला गुडघा सुजवून घरी येते.

काल मी म्हटलं, "बये, आता मुलगा मिळायचा नाही, हे त्या पोरीला सांगून टाक."

"तिला कधीच कळलंय, आजी," जॅनीन म्हणाली. "ती माझ्यासाठी येते."

उन्हाळ्यानंतर ब्रिन कॉलेजला जाईल.

तुझी कंबर कशी आहे? मासेमारीच्या बोटी निघाल्या का?

तुझी,
हेस्टर

ता. क. खारवलेला कॉड मासा पाठव, जाड तुकडे बघून. बेरीचा जाम पाठवू नकोस. तो मी जॅनीनकडे शिकणाऱ्या पोरांसाठी मागवायचे. आता घरात आहे तोच उरेल.