झुरळांची माफी

मंगळवार, ८ जुलै

डोकं फिरलंय नुसतं! शाळेने नवं ॲप घेतलंय — निबंध मुलाने लिहिला की एआयने, ते सांगणारं. आज त्याने नववीतल्या मिसबाचा निबंध ‘यंत्रलिखित’ ठरवला. शून्य मार्क! वर आंतरशालेय निबंधस्पर्धेतून नावही काढलं.

विषय होता ‘माझे आजोबा’. तिच्या आजोबांचं, रज्जाकचाचांचं, बुधवार पेठेत रेडिओदुरुस्तीचं दुकान आहे. पोरीने लिहिलंय — ‘आजोबा जुना रेडिओ उघडतात तेव्हा आत राहणाऱ्या झुरळांची आधी माफी मागतात.’ अहो, हे यंत्राला सुचेल? ही पोर रोज आजोबांना पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचून दाखवते. मराठी नेटकं असणारच!

मुख्याध्यापक हिंमतराव सर म्हणाले, “मॅडम, यंत्र कशाला खोटं बोलेल?” म्हणजे पोरगी बोलते!

बुधवार, ९ जुलै

मिसबा रडली नाही. एवढंच म्हणाली, “मॅडम, मग मी कसं लिहायचं?” आणखीच राग आला.

गुरुवार, १० जुलै

गुरुपौर्णिमा. मुलांनी सरांना शाल दिली. ॲपला का नाही दिली?

शुक्रवार, ११ जुलै

आज वर्गातच सोक्षमोक्ष लावला. मोठ्या स्क्रीनवर एआयकडूनच ‘माझे आजोबा’ लिहून घेतला. ‘आजोबा म्हणजे प्रेमाचा अथांग सागर.’ मुलं खो खो हसली. मग मिसबाला उभं केलं — विचारा हिला काय हवं ते! झुरळं जातात कुठे? गिऱ्हाइकं चिडतात का? पटापट उत्तरं दिली पोरीने. आता असंच शिकवायला हवं. यंत्राला सरळ वर्गात बसवायचं आणि मुलांना बोलतं करायचं.

एवढ्यात दिग्विजय उठला. “मॅडम, माझा तर अख्खा एआयचा होता. थोड्या चुका घालून बिघडवला, ॲपने पास केला!” वर टाळ्या! निर्लज्ज मेला.

सरांना सगळं सांगितलं. म्हणे, “बरं, पुन्हा लिहू दे तिला. पण ॲपमधून पास व्हायला हवा.” पालथ्या घड्यावर पाणी!

सोमवार, १४ जुलै

मिसबाचा नवा निबंध ॲपने पास केला. ‘मानवलिखित’! स्पर्धेत नाव परत. सरांनी मला पेढा दिला.

निबंध वाचला. ‘आजोबा प्रेमाचे सागर आहे.’ एकही झुरळ नाही.

“मिसबा, हा तू लिहिलास?”

“नाही, मॅडम. दिग्विजयने शिकवलं.” सरळ माझ्याकडे बघत म्हणाली.