खोट्या कागदावरचा अंगठा

दीपमालाताई,

जयभीम. तू आरोग्य खात्यात चौकशीच्या कामावर हायेस. हे वाचून तुले गप्प राहता येनार नाई, म्हणून मी हे पत्र पोस्टात टाकत नाई.

आमच्या उपकेंद्रात जंगुबाई टेकाम बाळंतपणात गेली. तिचा बीपी चढत होता. डॉक्टर फोनवर म्हणाले, "थांब." मी थांबली. अ‍ॅम्ब्युलन्स मलेही बोलावता आली असती.

मग डॉक्टरनं खोटा कागद बनवला, का घरच्यांनीच मोठ्या दवाखान्यात न्यायले नकार देल्ला. तिच्या नवऱ्याले, भीमाले, वाचता येत नाई.

"कायचा कागद, सिस्टर?"

"मृत्यूच्या दाखल्याचा," मी म्हटलं. त्यानं अंगठा देल्ला.

आज तो आपल्या गरोदर साळीले, जंगुबाईच्या बहिनीले, घेऊन आलता. "तुमच्यावरच भरोसा हाये," म्हणाला. तिचाही बीपी लय वाढला होता. मी कोनाले न इचारता अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. पन भीमाचं ते बोलनं मले सहन झालं नाई. मी त्याले सगळं खरं सांगून टाकलं.

अ‍ॅम्ब्युलन्स दारात उभी होती. त्यानं साळीचा हात धरला आन् तिले पायीच जंगलाच्या वाटेनं घेऊन गेला. मी मांगं धावली, हाका मारल्या. दोघांनीही वळून पाह्यलं नाई.

तुही,
दीपा