थोरलं यंत्र आणि कडक भाकरी

जुळे सोलापूर,
गणपतीच्या आधीचा रविवार

रा. रा. शिवयोगी यांस सिद्धरामचा नमस्कार.

(वयानं तुम्ही मोठे म्हणून हा नमस्कार. नात्यानं मी जावई, तेव्हा तो पोचल्याबरोबर परत करावा.) इकडे सगळे खुशाल आहेत. अव्वाचं बीपी नेहमीसारखंच, म्हणजे डॉक्टरांसमोर वाढतं आणि पोटच्या पोरावर, म्हणजे माझ्यावर, ओरडताना अगदी ठीक असतं. तुमच्या पित्ताचं काय झालं? तुम्ही म्हणता पुण्याच्या पाण्याचा दोष, तुमची बहीण वैजयंती म्हणते मिसळीचा. बहीणभावांच्या भांडणात मी पडत नाही. वहिनींना नमस्कार सांगा आणि मुलांना माझी आठवण आहे का ते बघा.

फोन हाताशी असताना हा माणूस पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. आमच्याकडे फोन आला की वैजयंती तो स्पीकरवर टाकते, अव्वा खुर्ची ओढून बसते, आणि दोन मिनिटांत मी आणि तुम्ही सोडून बाकी सगळे बोलत असतात. काही गोष्टी मेहुण्याला एकट्यालाच सांगायच्या असतात. त्यातून हा विषय मागच्या खोलीचा, आणि त्या पापाचे अर्धे धनी तुम्ही आहात. तुमच्या संस्थेनं टाकून दिलेली दोन वर्कस्टेशनं ट्रॅव्हल्सच्या डिकीतून मला तुम्हीच पाठवलीत. (पोचली तेव्हा त्यांच्या अंगावर कुणाच्या तरी लग्नाची भांडी होती. ते मी तेव्हा बोललो नाही.)

वर्कस्टेशन म्हणजे काय, हे घरात समजावून सांगण्यात माझी निवृत्तीनंतरची दोन वर्षं गेली. तीसेक वर्षांपूर्वी साध्या कॉम्प्युटरला जे झेपायचं नाही ते काम करणारं हे भारी यंत्र. त्यावर पुलांचे आराखडे व्हायचे, यंत्रांचे भाग व्हायचे, आमच्या इथल्या चादरींची नक्षीसुद्धा कुठं कुठं व्हायची. आमच्या ऑफिसात असं एक होतं, काचेच्या खोलीत, एसीमध्ये. ते साहेबांसाठी. मी कारकून, मी काचेबाहेरून बघायचो. एकदा फाईल द्यायला आत गेलो तर चप्पल बाहेर काढून जावं लागलं होतं. आता तसली दोन यंत्रं माझ्या मागच्या खोलीत आहेत आणि मी बनियनवर बसून त्यांचं झाकण उघडतो, आतली धूळ रंगाच्या ब्रशनं झाडतो, पुन्हा झाकण लावतो. मला त्यात फार सुख वाटतं. हे घरात कुणाला पटत नाही, पण निदान तुम्ही तरी ते लक्षात घ्या.

एक मोठं, एक लहान, म्हणून मी त्यांना थोरलं आणि धाकटं म्हणतो. थोरल्याचा पडदा, म्हणजे मॉनिटर, उचलायला मी आणि शेजारचा कुंडलिक असे दोघं लागलो, आणि तेव्हापासून कुंडलिक माझ्याकडे चहालाही येत नाही. थोरल्याच्या आतली घड्याळाची बॅटरी मेली आहे, त्यामुळे ते दर वेळी सुरू होताना आज एक जानेवारी एकोणीसशे सत्तर आहे असं समजून उठतं. मी त्याला रोज आजची तारीख सांगतो. संध्याकाळी बंद केलं की ते विसरतं. वैजयंतीनं मला एकदा सरळ विचारलं होतं, की इतका वेळ घालवता तर हे करतं तरी काय? मी खोटं बोललो नाही. मी सांगितलं, सुरू होतं. त्यावर ती स्वयंपाकघरात गेली, आणि दोन दिवस तिचे निरोप मला अव्वाकडून येत राहिले. अव्वाचं म्हणणं वेगळं. थोरल्याचा पंखा मोठ्यानं फिरतो, तर ती दारात उभी राहून म्हणाली, "गिरणी टाकलास तर निदान खाली पीठ तरी पडू दे की रं."

आता मूळ मुद्दा. वैजयंतीचा कडक भाकरीचा उद्योग तुम्हाला माहीत आहे. चौघी बायका, आमचं स्वयंपाकघर, आणि ज्वारीच्या कागदासारख्या पातळ भाकऱ्या. तुमच्याच ओळखीच्या पुण्याच्या दुकानदारानं गौरी-गणपतीसाठी मोठी ऑर्डर दिली, तिच्या आयुष्यातली पहिली मोठी ऑर्डर, आणि वर सांगितलं की एकही भाकरी मऊ निघाली तर सगळा माल परत. त्यामुळे भाकऱ्या वाळवायला, रचायला जागा हवी, आणि घरात रिकामी होण्यासारखी खोली एकच. वैजयंतीनं तरीही ती मागितली नाही. श्रावणाच्या सुरुवातीला निकाल अव्वानं दिला. मला न विचारता तिनं कुंभारीकडचा शहाजी भंगारवाला ठरवून टाकला. शुक्रवारी तो काटा घेऊन येणार आणि थोरलं-धाकटं किलोवर जाणार. मी अव्वाला म्हणालो, ही मोडीत घालायची वस्तू नाही. ती म्हणाली, "तूबी न्हाईस, पण तू जागा कमी अडवतोस."

मी भांडलो नाही. तिचं चुकीचं होतं असं मला म्हणताही येईना. फक्त बुधवारी सकाळी शेवटचं म्हणून थोरलं सुरू केलं आणि त्याच्या डिस्कची पूर्ण तपासणी लावली. या तपासणीला अख्खा दिवस लागतो आणि मध्येच बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून. जायच्या आधी निदान आपण निरोगी आहोत एवढं त्याला कळावं, असा माझा हेतू होता. (हसू नका. तुम्ही तुमची जुनी स्कूटर विकताना तिला धुतली होती.)

नेमकं त्याच दिवशी आभाळ भरून आलं आणि सोलापुरात क्वचित येते तसली दमट, ओलसर हवा सुटली. गच्चीवरच्या, ओट्यावरच्या, कॉटवरच्या सगळ्या भाकऱ्या सादळल्या. मोडायला गेलं की वाकायच्या. तव्यावर पुन्हा शेकल्या तर कडा करपल्या. मी मदत म्हणून हिटर लावला, तर पुढच्या भाकऱ्यांना तडे गेले आणि मागच्या तशाच राहिल्या. मग मी माझ्या अकलेनं केस वाळवायचं यंत्र आणलं, त्यात काय झालं ते लिहीत नाही, कारण त्या वेळी चौघींतल्या कस्तुराबाईंच्या हातात पिठाची परात होती. वैजयंती स्वयंपाकघरात खाली बसली आणि रडायला लागली. शिवयोगी, लग्नाला इतकी वर्षं झाली, पण कामासाठी रडताना मी तिला कधी बघितलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि करता काहीच येईना, म्हणून मी मागच्या खोलीत जाऊन बसलो.

पाठोपाठ ती आली. डोळे पुसलेले, हातात भाकऱ्यांनी भरलेलं सूप. मला वाटलं आता थोरल्याची वायर ओढते. मी घाईघाईनं सांगितलं की तपासणी चालू आहे, संध्याकाळपर्यंत बंद करता येणार नाही. ती म्हणाली, "बंद होत न्हाई ना? मग टेबल म्हणून तरी उपयोगी पडू दे," आणि ते सूप तिनं थोरल्याच्या मागं, जिथून पंख्याचा वारा बाहेर येतो, तिथं स्टुलावर आपटलं. दुसरं सूप पडद्याच्या मागं. तिसरं धाकट्याच्या डोक्यावर. धाकटं बंद होतं, तर म्हणाली हेबी लावा, उगं बसून काय करतंय. यंत्रासमोर पीठ आणू नये हे मला तिला सांगायचं होतं. त्याऐवजी मी धाकटं सुरू केलं.

संध्याकाळी अव्वा खोलीत आली. अव्वाची भाकरी तपासायची रीत तुम्ही पाहिली आहे: दात आता साथ देत नाहीत म्हणून ती भाकरी कानाशी धरून मोडते आणि आवाज ऐकते. तिनं थोरल्यामागची एक मोडली. मग पडद्यामागची एक. मग पुन्हा थोरल्यामागची, दोनदा. चौघी बायका दारात माना उंचावून बघत उभ्या होत्या. शेवटी अव्वा वाकून थोरल्याच्या खाली बघत म्हणाली, "ह्याच्या बुडाखाली जाळ हाय का रं?" मी म्हणालो, नाही, हे मुळातच गरम डोक्याचं आहे. एकसारखी मंद ऊब आणि वर सततचा वारा, हे त्याला तीस वर्षांपासून जमतं, फक्त आजवर कुणी त्याच्याकडून भाकरी वाळवून घेतली नव्हती.

शुक्रवारी शहाजी काटा घेऊन आला. वैजयंतीनं त्याला दारातूनच चहा दिला आणि परत पाठवलं. वर विचारलं, असं गरम होणारं आणखी कुठं पडलं असलं तर सांगा.

तुम्हाला वाटेल मी जिंकलो. मलाही दोन दिवस तसंच वाटलं. पण आता थोरलं सकाळी सातला सुरू होतं ते दिवेलागणीपर्यंत चालतं, आणि मला त्याला हात लावायची परवानगी नाही. अव्वानं त्याच्या बटणाला हळदकुंकू लावलंय. बायका खोलीत शिरताना चपला बाहेर काढतात. काल झाकण उघडून आतलं पीठ तरी झाडावं म्हणून मी स्क्रू-ड्रायव्हर घेतला, तर कस्तुराबाई म्हणाल्या, "दादा, तितं नका बसू, वारा अडतोय." धाकट्याचंही तेच. मी आता उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसतो आणि दोघांकडे बघतो. मधे काच तेवढी नाही.

असो. मला काही मागायचं नाही. तुमच्या बहिणीची ऑर्डर पार पडतेय, यातच मला आनंद आहे, आणि या वयात माणसानं छंद सोडता आला पाहिजे. तब्येतीला जपा.

आपला,
सिद्धराम

ता. क. तुमच्या संस्थेत तिसरं एक जिन्याखाली पडलंय, असं तुम्ही शिमग्याला म्हणाला होतात. मी विसरलो होतो, आत्ता लिहिता लिहिता सहज आठवलं. ते जर टाकूनच देणार असतील, तर तुम्ही वैजयंतीला फोन करावा आणि भाकरीसाठी हे आणखी चांगलं चालेल असं आपणहून सुचवावं. माझं नाव नको.

आणखी एक. त्याचा कीबोर्ड आणि माउस विसरू नका, दुसरे त्याला चालत नाहीत. भाकरीला कीबोर्ड कशाला, असं अव्वानं विचारलं तर जोडीनंच येतो म्हणून सांगायचं.

आणखी एक. पोस्टानं पाठवलं तर घरात चौकशी होईल, म्हणून हे पत्र तुमच्या भाकऱ्यांच्या डब्यात तळाशी ठेवतो आहे. डबा वैजयंती बांधेल, पण तळ ती बघणार नाही.

---

दादा, नमस्कार. तळाला कागद घालायला गेले तर हे सापडलं. माणूस कारकुनी करून निवृत्त झाला, पण लपवायला अजून येत नाही.

पुण्याचा माल काल गेला. दुकानदाराचा फोन आला, चांगलं म्हणाला. आणि ऊन पडून तर आता कितीतरी दिवस झाले. भाकरी गच्चीवर वाळते, यंत्रापेक्षा लवकर वाळते. अव्वांना जिना चढवत नाही, त्यामुळे त्यांना माहीत नाही, आणि हे खोलीसमोरून हलत नाहीत, त्यामुळे ह्यांनाही नाही. चौघींना मी सांगून ठेवलंय. यंत्रामागचं सूप उचललं की अव्वा त्याच दिवशी शहाजीला बोलावतील. म्हणून रोज सकाळी थोड्या भाकऱ्या तिथं मांडते आणि संध्याकाळी अव्वांच्या कानाशी एक मोडून दाखवते.

नोकरीत असताना घरी आले की हे गप्प जेवून झोपायचे. त्या यंत्राची धूळ झाडताना मात्र गाणं म्हणतात. लई बेसूर म्हणतात, पण म्हणतात. खोली मोकळी करून मी काय करू?

तिसरं पाठव, कीबोर्डसकट. ते मी कॉटखाली ठेवीन, त्याला भाकरी लावणार नाही. अव्वांना काय सांगायचं ते मी बघते. तू फक्त ह्यांना फोन कर आणि भाकरीसाठीच पाठवतोय म्हणून सांग.

तुझी,
वैजू