मोठ्या बाईंचा कचरा

१० सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

सुखरूप पोचले. चौतीस वर्षं शाळा हाकल्यावर एकसष्टाव्या वर्षी बाकावर बसायचं म्हणजे गुडघे कुरकुरतात, पण मन ताजं आहे. आम्ही सहा विद्यार्थी एका घरात राहतो. बाकीचे पाच माझ्या नातवंडांच्या वयाचे. कमी पाण्यात, कमी विजेत, कमी कचऱ्यात कसं जगायचं हे वर्गात शिकायचं आणि घरी करून दाखवायचं.

प्रत्येकाची कचऱ्याची वेगळी बादली आहे. दर शनिवारी ती काट्याला टांगतात आणि वजन स्वयंपाकघरातल्या फळ्यावर लिहितात. लंबू म्हणून एक मुलगा आहे, त्याचा आठवड्याचा कचरा चाळीस ग्रॅम. माझा नऊशे! तुला माहीत आहे, बिस्किटांशिवाय मला वाचन सुचत नाही. लंबू म्हणाला की हळूहळू जमेल. मला, मुख्याध्यापिकेला, हळूहळू! पुढच्या शनिवारी बघते त्याच्याकडे.

औषध वेळेवर घे. माया आहेच, ती पत्रातून मोजू नकोस.

तुझी,
ताई

*

२ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं नवं पत्र वाचून ऊर भरून आला. सलग पाच आठवडे तुझा पहिला नंबर! आणि कचरा वीस ग्रॅम म्हणजे चहाच्या चमच्यात मावेल एवढा. मी ते पत्र खिशात घालून गल्लीभर हिंडलो. तुझ्या जागी आलेल्या नव्या सरांनी तर शाळेच्या फलकावर तुझ्या फोटोखाली तो आकडा लावलाय. परत आलीस की सगळ्या शाळेपुढे तुझं व्याख्यान ठेवणार आहेत.

मीही सुरुवात केली आहे. काल बादली धुतली. आज ती कोरडी आहे का ते पाहिलं.

बिस्किटं कशी सुटली तेवढं मात्र लिही, मलाही हवंय. लोभ असावा, शुद्धलेखनाला गुण कापू नयेत.

तुझा,
धाकटा

*

१९ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

बिस्किटं सुटलेली नाहीत.

पत्र बसून वाच. मी वेष्टनं पर्समध्ये कोंबून कॉलेजच्या कचरापेटीत टाकत होते. दोन महिने. पहिल्या शनिवारी आपलं नाव फळ्यावर तळाला बघितलं आणि सहन झालं नाही, एवढंच कारण.

बुधवारी कॉलेजच्या सरांनी तीच पेटी वर्गात चादरीवर पालथी केली. कचऱ्यावरून माणूस ओळखायचा, असा धडा होता. लंबूने बिस्किटांच्या वेष्टनांचा बोळा उलगडला. आत तुझ्या पत्राचं पाकीट. तू पोस्टात जन्म काढलास, पत्ता अपुरा लिहायला तुझा हात धजत नाही. त्याने माझं नाव वाचलं, आणि पुढे 'माजी मुख्याध्यापिका' हेही वाचलं.

मी उभी राहिले. माझंच आहे म्हणाले. कोणी हसलं नाही, हेच जास्त लागलं. लंबूने सगळी वेष्टनं गोळा करून नीट पिशवीत घालून दिली. घरी जाऊन मी ती काट्याला टांगली आणि स्वतःच्या हाताने फळ्यावर अकराशे ग्रॅम लिहिलं.

तेव्हापासून एक मुलगी डोळ्यांपुढून हलत नाही. दहावीत परीक्षेच्या वेळी तिच्या कंपासपेटीत कॉपीची चिठ्ठी सापडली म्हणून मी तिला दिवसभर ऑफिसबाहेर उभं केलं होतं. येणारा-जाणारा बघत होता. आता तिचं चौकात चष्म्यांचं दुकान आहे. सोबत तिच्यासाठी माफीची चिठ्ठी ठेवली आहे, ती हातात नेऊन दे. आणि नव्या सरांना खरं सांगून फलक उतरव.

एवढं वाचूनही ताई म्हणावंसं वाटलं तर उत्तर लिही.

तुझी,
ताई

*

६ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई नाही तर काय म्हणू? फलक उतरवला. सर म्हणाले, व्याख्यान मात्र होणारच. आता मुलं झोपणार नाहीत.

चिठ्ठी घेऊन दुकानात गेलो. तिने दोनदा वाचली, चष्मा काढला आणि स्टुलावर बसून राहिली. मग म्हणाली, उभं राहण्याचं काही वाटलं नव्हतं. पण त्यानंतर बाईंनी वर्गात कधी माझ्याकडे पाहिलं नाही, ते अजून आठवतं. तिने मला पाणी दिलं आणि म्हणाली, बाईंना सांगा, आज त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पावलं.

नंतर तिला जे हसू फुटलं ते थांबेना. म्हणे आठवीपासून दर परीक्षेत कॉपी केली, सापडले एकदाच. तुझ्यासाठी तिने मुद्दाम निरोप दिलाय: बाई, आपलं नाव असलेला कागद मालाबरोबर कधीही ठेवायचा नसतो, एवढं तर आठवीतल्या पोरींनाही कळतं.

आहे तसा लोभ पुरे, वाढवलास तर जागा करीन.

तुझा,
धाकटा