हरेश्वरच्या गाडीची पुढची स्प्रिंग

मी, लवू सखाराम पेडणेकर, वय वर्षे ५८, पूर्वीचा धंदा मोटार मेकॅनिक, सध्या काही नाही, राहणार भांडुप, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या हाताने लिहीत आहे. हृदयाचे दोन झटके येऊन गेले. तिसरा कधी येईल ते सांगता येत नाही. डोके मात्र ठिकाणावर आहे. डॉक्टर मृणालिनी रेगे यांनी तसा दाखला दिला असून तो सोबत टाचला आहे. यापूर्वी मी कधी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा खोटी जबानी मात्र दिली आहे, तिचा खुलासा कलम चारमध्ये येईल.

कलम १. भांडुपच्या सोसायटीतली माझी दोन खोल्यांची जागा, भांडीकुंडी आणि शिवणयंत्रासह, माझी एकुलती मुलगी अनुपमा हिला द्यावी. ती मुलुंडला शाळेत गणित शिकवते. जागा तिच्या एकटीच्या नावावर व्हावी. जावई चंद्रप्रकाश यांनी मी इस्पितळात असताना, दुसऱ्याच दिवशी, जागेला गिऱ्हाईक आणले होते. त्यांचा स्वभाव वाईट नाही, घाई वाईट आहे. जागा विकायची की ठेवायची हे अनुपमा ठरवील.

कलम २. निळ्या पुठ्ठ्याची जाड वही, तीही अनुपमालाच. त्यातले आकडे तिच्याच हातचे आहेत. ते कसले, हे तिच्या मुलांना कळावे म्हणून लिहितो.

गिरणीच्या वर्कशॉपमधली फिटरची नोकरी सोडून मी साकीनाक्याला गॅरेज काढले. धाकटा भाऊ नंदकुमार माझ्याबरोबर होता. सन १९८० मध्ये वेसाव्याचा हरेश्वर आमच्याकडे एक जुनी फियाट घेऊन आला. वय चोवीस. त्याची आई कृष्णाबाई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची, हा तिचा माल टेम्पोतून पोचवायचा. त्याला घाट चढायच्या शर्यतीत उतरायचे होते. मोठे इंजिन घेण्याची ऐपत नव्हती. तो मला म्हणाला, "मिस्त्री, सरळ रस्त्यावर मला कोणीही मागे टाकू दे. वळणावर कोणी टाकता कामा नये."

त्याच्याआधी असे काम मला कोणी सांगितले नव्हते. सगळे सांगायचे, मिस्त्री, चालू करून द्या. मी गाडीखाली शिरलो तो जवळजवळ दीड वर्ष तिथेच होतो म्हटले तरी चालेल.

लहान गाडी वेगात वळली की अंग बाहेरच्या बाजूला टाकते. आतली चाके हलकी होतात, रस्ता सोडू बघतात, आणि चालवणाऱ्याला वेग कमी करावा लागतो. अंग टाकणे कमी केले की तोच माणूस तेच वळण जास्त वेगाने काढतो. मी आधी पुढच्या दोन चाकांना जोडणारा रॉड जाड बसवला. मग स्प्रिंगा बदलल्या, थोड्या आखूड आणि कडक. मग शॉकअप, म्हणजे हादरे पिणाऱ्या नळ्या. मागच्या स्प्रिंगपाट्यांचा बाक कमी केला. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि मोजायची. मोजण्यासाठी गाडीच्या छताला ओळंबा टांगला आणि त्याच्यामागे अनुपमाच्या कंपासपेटीतला कोनमापक चिकटवला. रविवारी सकाळी आरे कॉलनीच्या रस्त्यावर हरेश्वर गाडी चालवायचा, दहावीतली अनुपमा मागे बसून दोरी किती अंशांवर गेली ते ओरडून सांगायची आणि लिहायची. तबेल्यातले गवळी आमच्याकडे बघत उभे राहत. पहिल्या रविवारी नऊ अंश होते. शेवटच्या रविवारी चार.

बासष्टच्या साली मुलगी व्हावी असा नवस केला होता, पासष्टला झाली. त्यानंतर एवढा आनंद मला त्या आकड्यांनीच दिला. १९८२ च्या शर्यतीत हरेश्वर त्याच्या गटात दुसरा आला. पहिल्याची गाडी त्याच्या गाडीच्या दुप्पट ताकदीची होती.

कलम ३. माझी सर्व हत्यारे, पान्यांचे दोन्ही संच, जॅक आणि बेंचव्हाइस, साकीनाक्याचे स्प्रिंगवाले धोंडिराम यांना द्यावीत. हरेश्वरच्या गाडीच्या स्प्रिंगा त्यांनी वळल्या होत्या. पुढे जे झाले त्यानंतर त्या अख्ख्या गल्लीत माझ्याशी बोलणारा हा एकच माणूस उरला. त्यांना खरे ठाऊक होते. मी विनंती केली म्हणून ते गप्प राहिले, आणि त्यासाठी त्यांनी मला कधी माफ केले नाही हेही मला ठाऊक आहे. हत्यारे साफ करून तेल लावून ठेवली आहेत.

कलम ४. माझा भाऊ नंदकुमार सखाराम पेडणेकर यास माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये, फक्त कपाटाच्या खालच्या खणात गोणपाटात बांधलेला स्प्रिंगचा तुटका तुकडा द्यावा. कारण पुढीलप्रमाणे.

फेब्रुवारी १९८३ च्या पहिल्या आठवड्यात गावी आमची आई वारली. मी दिवस करायला गेलो, नंदू गॅरेज बघायला मागे राहिला. जाण्यापूर्वी हरेश्वर म्हणत होता की गाडी अजून इंचभर खाली घेऊ. मी नको म्हणालो. धोंडिराम नवीन स्प्रिंगा वळत होते, त्या शर्यतीनंतर बसवू, यंदा गाडी आहे तशीच पळव, असे सांगून मी एसटीत बसलो.

मी गावी असताना नंदूने पुढच्या दोन्ही स्प्रिंगा काढल्या आणि गॅसच्या ज्योतीने त्यांचा एकेक वेढा कापून टाकला. तासाभराचे काम. गाडी खाली बसली, दिसायला झकास झाली. हरेश्वरने विचारले तेव्हा नंदू म्हणाला, "दादाच सांगून गेलाय." माझ्या नावावर विश्वास ठेवून तो पोरगा त्या गाडीत बसला.

स्प्रिंगचे पोलाद ठरावीक ताप देऊन तयार केलेले असते. त्यावर ज्योत लावली की त्या जागेचा कस जातो. दिसत काही नाही. भार पडला की मोडते.

२० फेब्रुवारीला घाटातल्या तिसऱ्या वळणावर पुढची उजवी स्प्रिंग मोडली. सगळे वजन त्याच चाकावर होते. गाडी उलटून दगडी कठड्यावर गेली. हरेश्वरला खाली आणताना तो वाटेतच गेला.

बातमी कळताच मी दुसऱ्या दिवशी गावाहून परतलो तो सरळ पोलीस चौकीच्या आवारात गेलो, मोडकी गाडी तिथे आणून ठेवली होती. चाकाखाली हात घालून तुटका भाग पाहिला. मोडलेल्या जागेच्या शेजारी निळा डाग होता. गॅसने कापलेल्या लोखंडावरच तो असतो. गॅरेजमध्ये येऊन मी नंदूला एवढेच विचारले की किती कापलीस. तो बाकड्यावर बसून रडायला लागला. मी त्याला मारले नाही. मारायला हवे होते.

मोटर क्लबने तिघांची चौकशी समिती नेमली. नंदूला विचारले, स्प्रिंग कोणी कापली? तो म्हणाला, दादाने, गावी जायच्या आधी. मग मला बोलावले. समितीतले एक वयस्कर इंजिनियर माझे काम ओळखत होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "पेडणेकर, इतकं अडाणी काम तुम्ही केलंत?"

मी म्हणालो, "केलं."

ही ती खोटी जबानी. स्प्रिंग मी कापली नाही. ती कापली त्या दिवशी मी आईच्या दहाव्याला नदीवर उभा होतो. हे मी आता पूर्ण शुद्धीवर लिहून देत आहे, आणि क्लबचे कार्यालय अजून असेल तर या कलमाची नक्कल तिथे पाठवावी.

त्यानंतर माझ्याकडे कोणी गाडी आणली नाही. गॅरेजची जागा नंदूने आपल्या नावावर करून घेतली आणि नवा बोर्ड लावला. मारुत्या आल्यापासून त्याचा धंदा जोरात आहे. वळणावर गाडी बसवून देतो अशी त्याची ख्याती आहे. छताला ओळंबा टांगतो, मागे कोनमापक लावतो, आणि गिऱ्हाइकाला सांगतो की ही युक्ती त्याची स्वतःची. माझ्याबद्दल विचारले तर म्हणतो, दादाचा हात चांगला होता, शेवटी शेवटी चुकायला लागला.

हरेश्वरची गाडी भंगारात गेली तेव्हा तो तुकडा मी भंगारवाल्याकडून आणला. निळा डाग अजून दिसतो. नंदूने तो घ्यावा किंवा फेकून द्यावा.

कलम ५. मी खोटे का बोललो हे अनुपमाने मला अनेकदा विचारले आहे. उत्तर दिले नाही, कारण त्यात तिच्या आईचे नाव येते. आता सुलक्षणाला जाऊन चार वर्षे झाली.

नंदू नऊ वर्षांचा असताना गावाहून आमच्याकडे आला. सुलक्षणा तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली. तिने त्याला भरवले, शाळेत घातले, गोवराच्या तापात मांडीवर घेऊन बसली. चौकशीच्या आदल्या दिवशी तिने माझे जेवणाचे ताट वाढले आणि ताटासमोर स्वतः बसून राहिली. मला म्हणाली, "माझ्या हाताखाली वाढलो तो. तेका पुढे करू नकात. तुमी सोसतल्यात, तो मोडतलो."

मी हो म्हटले. मला वाटले, मी मोठे काहीतरी करतो आहे. प्रत्यक्षात नंदू मोडला नाही, त्याने गॅरेजवर दुसरा मजला चढवला. सुलक्षणा मात्र दोन वर्षांत गेली. शेवटच्या आजारात ती नंदूची वाट बघत होती. तो बाराव्याला आला.

म्हणून सूचना: माझ्या तिरडीला नंदकुमारने खांदा देऊ नये. अग्नी अनुपमाने द्यावा. भटजी नाही म्हणाले तर दुसरे भटजी बघावेत.

कलम ६. <s>पोस्टातली माझी सर्व बचत हरेश्वरची आई श्रीमती कृष्णाबाई, राहणार वेसावे, हिला द्यावी.</s> हे कलम मी स्वतः खोडले आहे. शेजारी सही केली आहे. बचत अनुपमाला द्यावी. का खोडले ते पुढे.

कलम ७. इथपर्यंतचा मजकूर लिहून झाल्यावर, रविवार दिनांक १९ रोजी, मी कागद घेऊन वेसाव्याला कृष्णाबाईच्या घरी गेलो. सहा वर्षे ही बाई मला रस्त्यात दिसली की थांबून शिव्या घालत आली. सुलक्षणाच्या अंत्ययात्रेतही तिने घातल्या होत्या. मी मान खाली घालून ऐकत आलो.

तिने मला दारातून आत घेतले नाही. मी ओट्यावर बसून तिला कलम दोन, चार, पाच आणि सहा वाचून दाखवले. मग तिने विचारले, "तुला कवापासून ठावं?"

"पहिल्या दिवसापासून."

ती जाळ्यांच्या ढिगाकडे बघत म्हणाली, "सहा वर्सं मी चुकीच्या माणसाला शिव्या घातल्या. देवाम्होरं तुजं नाव घेतलं. आता ते मी परत कसं घेऊ, सांग." मला वाटले होते, खरे कळले की तिला थोडे हलके वाटेल. माझ्या सोसण्याची किंमत तिने भरली होती, आणि हे मला ओट्यावर बसेपर्यंत सुचलेही नव्हते. मी नंदूला वाचवले, बायकोला शब्द दिला, आणि ज्या बाईचा मुलगा गेला तिला खोटे घेऊन जगायला लावले.

बचत नको म्हणाली. कागद मेल्यावर वाचणार कोण, असे विचारले. "जितं हाईस तवर बाजारात ये आनि सगल्यांसमोर बोल."

त्याप्रमाणे बुधवार दिनांक २२ रोजी सकाळी मी अंधेरीच्या मासळीबाजारात गेलो. कृष्णाबाईच्या टोपलीशेजारी उभा राहिलो आणि बोललो. स्प्रिंग माझ्या भावाने कापली, मला ते ठाऊक होते, मी समितीपुढे खोटे बोललो. छातीत दुखत होते म्हणून दोनदा थांबावे लागले. कमळ नावाची तिची भाची सुरमई कापत होती, तिने कोयता खाली ठेवला. माझे झाल्यावर बायका पुन्हा गिऱ्हाइकांकडे वळल्या.

ही बातमी त्याच दुपारपर्यंत साकीनाक्याला पोचली असणार. नंदू आलेला नाही. चिठ्ठीही नाही. मी वाट पाहिली हे लिहून ठेवतो, कारण या कागदात मला आता एकही खोटी गोष्ट नको.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी अनुपमाने करावी. बाजारातली ही हकीकत मी दिनांक २३ रोजी, सहीच्या वर सोडलेल्या जागेत लिहिली आहे. मी सही बाजारातच, कृष्णाबाईसमोर केली. तिला माझ्याकडून काहीही मिळायचे नसल्यामुळे ती साक्षीदार होऊ शकते, असे मी तिला सांगितले. तिने हात धुतला, पदराला पुसला आणि अंगठा दिला. नावापुढे काय लिहायचे ते तिने सांगितले, मी तसेच लिहिले आहे. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी भांडुपला, ही सही माझीच असल्याचे माझ्या तोंडून ऐकून, आपली सही केली.

ठिकाण: अंधेरी, मुंबई
दिनांक: २२ फेब्रुवारी १९८९

(सही) लवू सखाराम पेडणेकर

साक्षीदार:

१. (सही) डॉ. मृणालिनी रेगे, भांडुप. दिनांक २३ फेब्रुवारी १९८९. लिहून देणार यांची मी तपासणी केली असून ते पूर्ण शुद्धीवर आहेत.

२. कृष्णाबाई, वेसावे. डाव्या हाताचा अंगठा. वाचून दाखवले ते ऐकले. खरे आहे. माफ केलेले नाही.